टिकलीला दुसऱ्याच्या हाती सोपवताना

टिकली माझी होणार नाही, हे ती आली तेव्हाच ठरलेलं होतं. सुटका करून आणलेल्या घोड्यांच्या निवाऱ्यात मी जे काम करते त्याचं स्वरूपच तसं आहे. घोडा येतो, सावरतो, शिकतो, कुणाच्या तरी घरी जातो आणि रिकाम्या झालेल्या ठाणावर पुढचा येतो. म्हणून “ही घोडी फक्त माझंच ऐकते” असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. एकाच माणसाचं ऐकणारी घोडी कुणी सहसा नेत नाही. नेली तरी लवकरच परत आणून सोडतात, आणि परत आलेल्या घोड्याला दुसरं घर मिळणं आणखी अवघड. त्यामुळे टिकलीला जे काही शिकवायचं ते पुढच्या अनोळखी माणसासाठी, हे धरूनच मी कामाला लागले.

गडद तांबडी घोडी, कपाळाच्या मधोमध नखाएवढा पांढरा ठिपका. नाव त्यावरूनच पडलं. आधीच्या आयुष्याबद्दल कागदावर काहीच नव्हतं. अशा वेळी लोक लगेच कथा रचतात. “हिला फार मारलं असणार, बघा ना, हात उचलला की कशी दचकते!” असेलही. पण कधीच न हाताळलेला घोडाही तसाच दचकतो. मी अंगावर दिसतं तेवढंच खरं धरते. मान संपते तिथल्या उंचवट्याच्या, म्हणजे विदर्सच्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे चट्टे होते. न बसणाऱ्या खोगिराचा दाब फार काळ पडला की केसांची मुळं दुखावतात आणि तिथे पुढे पांढरेच केस उगवतात. ओठांच्या कोपऱ्यांत जुने वण होते. पुढच्या डाव्या पायाचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, जाडसर होता, पण हाताला थंड लागत होता, म्हणजे इजा जुनी. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक तपकिरी खाच नुकती डोकावत होती. ती साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते. दातांवरून काढलेलं वय म्हणजे अंदाजच, तरी एवढं नक्की झालं की ही पाटी कोरी नाही. कुणीतरी हिच्यावर स्वारी केलेली आहे, आणि ती हिला सुखाची झालेली नाही.

शरीराची अवस्था मोजायला आम्ही डॉन हेनेके यांनी १९८३ साली मांडलेली १ ते ९ची पट्टी वापरतो. मान, विदर्स, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी हाताने चाचपून चरबी किती आहे ते ठरवायचं. ५ म्हणजे ठीकठाक. टिकली २वर होती. हिवाळ्यातले दाट केस बरेच झाकतात, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, बोटांनी पाहायचं. वजनासाठी साधी टेप पुरते: छातीच्या घेराचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८७७. उत्तर किलोमध्ये येतं. आकडा तंतोतंत नसतो, पण त्याच टेपने, त्याच वेळी मोजत राहिलं की चढउतार बरोबर कळतो.

उपाशी घोडा समोर आला की प्रत्येकाला वाटतं, भरपूर धान्य घालावं. याच मायेने घोडा मरू शकतो. बराच काळ उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तगत असतं. अचानक पिष्टमय खाणं पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातलं प्रमाण इतकं घसरतं की हृदय आणि श्वास दोन्ही कोलमडू शकतात, तेही घोडा खायला लागून काही दिवस झाल्यावर, सगळे जरा निश्चिंत झाल्यावर. म्हणून पहिले दहाएक दिवस धान्य बंद. वाळलेला ल्यूसर्न घास, म्हणजे लसूणघास, थोडा थोडा, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. जंताचं औषधही आल्या आल्या दिलं नाही. आधी लेंडीची तपासणी, मग डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आणि तेवढंच. हे दिवस कंटाळवाणे असतात, त्यात प्रशिक्षण म्हणावं असं काही नसतं. तरी एक गोष्ट घडते. दर चार तासांनी येणारा माणूस घास ठेवतो, अंगाला हात न लावता निघून जातो, हे घोड्याच्या ध्यानात येतं. आम्ही हे काम मुद्दाम आळीपाळीने करत होतो, सगळ्यांनी.

विलगीकरण संपल्यावर डॉक्टरांनी दात पाहिले. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे चावताना वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते आणि धारदार होते. टिकलीच्या गालात आतून जखमा होत्या. गुंगीचं औषध देऊन दाढा कानसल्या. अशा तोंडात बिट, म्हणजे लगामाला जोडलेली धातूची कांडी, घालून लगाम ओढला तर घोडा मान झटकणारच, आणि माणूस म्हणणार, खोडकर आहे. पाठ, खूर, दात, पोट हे सगळं तपासून झाल्याशिवाय घोड्याच्या स्वभावाबद्दल बोलू नये, या मतावर मी ठाम आहे. पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या २४ हालचालींची यादी केली आहे: कान मागे पाडणं, शेपटी फटकारणं, तोंड उघडं ठेवणं, डोळ्याचं पांढरं वारंवार दिसणं वगैरे. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर हाडास्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच. ती यादी आमच्या खोगीरखोलीत दारावरच चिकटवलेली आहे.

खुरांवर आडव्या कड्या होत्या, उपासमारीच्या खुणा. खूर दर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो आणि पुढच्या टोकाशी पूर्ण नवा व्हायला वर्षाच्या आसपास लागतं. त्यामुळे चांगलं खाणं सुरू झाल्यानंतरची गुळगुळीत वाढ वरून हळूहळू खाली सरकताना दिसते. मला ही रेघ फार उपयोगी पडली. “कधी बसता येईल हिच्यावर?” असं कुणी विचारलं की मी खुराकडे बोट दाखवायचे. रेघ अजून वरच आहे, बघा.

अंग भरायला लागलं तशी घोडी बदलली. सुटका केलेल्या घोड्यांच्या बाबतीत ही गोष्ट लोक सगळ्यात कमी बोलतात. हडकलेली टिकली गरीब होती. पाय उचलू द्यायची, दोर धरला की मागे यायची, कुणी काही केलं तरी उभी राहायची. भेटायला येणारे म्हणत, “किती शांत आहे!” ती शांत नव्हती, तिच्यात त्राण नव्हतं. अंगात ताकद आल्यावर तिने पहिल्यांदा मत द्यायला सुरुवात केली. हॉल्टर, म्हणजे दोर लावायला तोंडावर चढवायची मोहरकी, घेऊन आत गेलं की ती पुठ्ठा आमच्याकडे करून उभी राहू लागली. पाठीमागून दोर सरपटला की दुगाण्या. मागचा उजवा पाय उचलायला गेलं की तो हिसकावून घेणं. याच टप्प्यावर बरेच दत्तक घेणारे हबकतात, “आम्ही इतकं केलं आणि ही आमच्यावर उलटली” म्हणतात. उलटली वगैरे काही नसतं. आजारी माणसाची भूक परत येते तशी तिची भीड गेलेली असते. आम्ही या आधी घोडा घरी पाठवत नाही याचं कारण हेच आहे. लोकांना कोणती घोडी मिळणार ते आम्हालाच कळलेलं नसतं.

मग जमिनीवरचं काम सुरू झालं. पुठ्ठा फिरवणाऱ्या घोडीला कोपऱ्यात कोंडून पकडता येतं, पण पुढच्या मालकाकडे मोकळं कुरण असेल तर? तिथे ती हातीच लागणार नाही. म्हणून दोर खांद्यावर टाकून मी बाजूला उभी राहायचे. तिने एक कान माझ्याकडे वळवला की मी दोन पावलं मागे. मान वळवली की आणखी मागे. घोड्याच्या दृष्टीने माणूस जवळ असणं हाच दाब आहे आणि माणूस मागे सरणं ही सुटका. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणात शिकतो. तो क्षण सेकंदभरही उशिरा आला तर भलतंच काहीतरी शिकून बसतो. नवशिक्यांना मी सांगते, ओढायला शिकू नका, सोडायला शिका. काही आठवड्यांनी टिकली स्वतः तोंड फिरवून चार पावलं पुढे यायला लागली आणि हॉल्टरमध्ये नाक घालू लागली. तेव्हा लगेच बाकीच्यांना पाठवलं: उंच माणूस, टोपीवाला, मोठ्या आवाजात बोलणारी बाई, छत्री घेतलेला. प्रत्येक नव्या माणसाबरोबर ती थोडी मागे जायची आणि पुन्हा पुढे यायची. प्रत्येक वेळी मागे जाणं थोडं कमी.

दोराची भीती घालवताना मी वेळ काढला, आणि तो काढायलाच हवा. एक पद्धत अशी आहे की घोड्याला बांधून ठेवायचं आणि तो हलायचा थांबेपर्यंत त्याच्या अंगावर दोर, पोती, प्लॅस्टिक आपटत राहायचं. घोडा थांबतो. पाहणारे टाळ्या वाजवतात. पण थांबलेले सगळे घोडे सारखे नसतात. जो खरोखर निवांत झालेला असतो, त्याच्या पापण्या मिटतात-उघडतात, कान इकडेतिकडे फिरतात, खालचा ओठ सैल असतो, पुढे केलेला घास तो खातो. जो आतून बंद पडलेला असतो, त्याची नजर एकाच ठिकाणी थिजते, हनुवटी आवळते, कान आणि शेपटी हलत नाहीत, आवडता घासही तोंडात घेत नाही. हा दुसरा घोडा फार धोकादायक. इतके दिवस काही न बोललेला घोडा एके दिवशी नव्या मालकाखाली एकदम उधळतो आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना उधळला. म्हणून टिकलीसाठी दोर आधी लांब, तिला दिसेल असा, तिच्यापासून दूर जाणारा. भीतीची वस्तू पळताना दिसली की घोड्याला तिच्यामागे जावंसं वाटतं, हा माझा नेहमीचा अनुभव. मग खांद्याजवळ, मग पाठीवर, सगळ्यात शेवटी मागच्या पायांना. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग सुटतो. तिची सगळी भीती त्या मागच्या न दिसणाऱ्या पट्ट्यात होती.

खोगीर चढवण्याआधी पाठ तयार व्हायला हवी होती. हाताने धरून चालवणं, जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून पाय उचलत नेणं, हलका चढ. मोठ्या वर्तुळात थोडंसं फिरवलं, लहान वर्तुळात अजिबात नाही. जुन्या टेंडनला ते सोसलं नसतं. नंतर दोन लांब लगाम घेऊन मागून चालत तिला वळायला, थांबायला शिकवलं. मागून माणूस येतो ही गोष्ट दोराच्या कामानंतर तिला पटली होती. बिट साधा, मधे सांधा असलेला. ओठांच्या वणांमुळे मी त्याआधी बराच काळ नाकपट्ट्यावरच काम केलं. बिट नसलेलंच बरं असं माझ्या एका सहकाऱ्याचं मत, आणि त्यावर आमचे वाद होतात. माझं म्हणणं एवढंच की पुढचा मालक बहुधा बिट वापरणार, तर त्याची ओळख तिला सौम्य हातातून झालेली बरी.

खोगीर तीन बदलून पाहिली. विदर्सच्या वर दोन-तीन बोटं जागा, मधला खाचा पाठीच्या कण्याला कुठेही न टेकणारा, दोन्ही बाजूंच्या गाद्या सगळीकडे सारख्या टेकलेल्या. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तिने मान वळवून दात दाखवले. पोटात अल्सर आहेत का, ते डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून पाहिलं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, त्यामुळे उपाशी राहिलेल्या घोड्यांना हे दुखणं पुष्कळदा होतं. होते, तिलाही होते. महिनाभर औषध चाललं, मगच तंग पुन्हा हातात घेतला, तोही एकेक भोक, मधे दहा पावलं चालवून.

पहिली स्वारी पाहायला जे आले त्यांची निराशा झाली. मी चढण्याच्या ठोकळ्यावर उभी राहिले, पोटावर आडवी झाले, उतरले. पुन्हा. दुसरी एक जण तिच्या डोक्याशी उभी होती आणि जमिनीवरून शिकवलेले शब्द तीच बोलत होती, म्हणजे वर काय चाललंय यापेक्षा ओळखीच्या आवाजाकडे टिकलीचं लक्ष राहील. नंतर पाय टाकून बसले, दहा-बारा पावलं चाल, थांबा, उतरा. ठोकळा वापरण्यामागे कारण आहे. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढलं की खोगीर एका बाजूला खेचलं जातं आणि विदर्स पिळवटतो. वजनाचा नियम आमच्याकडे कडक आहे: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ आणि ३० टक्के भार वाहणाऱ्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके जास्त वाढलेले आणि स्नायू जास्त दुखरे आढळले. साडेतीनशे किलोची घोडी, तर सगळं मिळून ७० किलो. पाठ नुकती भरत असताना मी त्याहून बरंच कमी धरते.

चाल आणि दुडकी पक्की झाल्यावर मी बहुतेक वेळा खाली उतरून दुसऱ्यांना बसवायला लागले. मांड पक्की असलेली एक, नवशिकी पण हलक्या हाताची एक, जरा घाबरट असलेला एक. खुणा सगळ्यांना एकच: पोटऱ्यांचा हलका दाब म्हणजे पुढे, लगाम सैल न सोडता स्थिर धरला म्हणजे थांब. माझी अशी कोणतीही खास खूण तिच्यात राहू द्यायची नाही. याच काळात बाकीची, कुणाला आकर्षक न वाटणारी शिकवणी झाली: ट्रेलरमध्ये चढणं आणि न धडपडता मागे मागे उतरणं, सुई टोचून घेणं, एकटीने बांधून राहणं, इतर घोडे निघून गेले तरी न खिंकाळता उभं राहणं, वाहन शेजारून जाताना न बुजणं. ट्रेलरचं काम उशिरा करतात ते लोक शेवटच्या दिवशी घोड्याला चार माणसांनी ढकलून आत घालतात, आणि नव्या घराची सुरुवात त्या भीतीने होते.

अर्ज बरेच आले. सगळ्यात कसलेला स्वार होता त्याला आम्ही नाही म्हटलं. त्याला उड्यांच्या स्पर्धा करायच्या होत्या. त्या टेंडनवर ते जमणारं नव्हतं, आणि हे त्याला तोंडावर सांगितलं. टिकली गेली ती पन्नाशीच्या एका बाईंकडे, ज्यांना आठवड्यात दोन-तीनदा मोकळ्या वाटेवर निवांत रपेट करायची होती आणि ज्यांच्याकडे सोबतीला एक म्हातारा घोडा होता. एकटा घोडा ठेवणाऱ्यांना आम्ही देत नाही. त्या अनेकदा आल्या. पहिल्यांदा फक्त लीद काढली, खरारा केला. मी बाजूला बसून काही न बोलता पाहायचे. करारात लिहिलेलं असतं की घोडा विकायचा किंवा परस्पर कुणाला द्यायचा नाही, नको झाला तर आमच्याकडेच परत, आणि सुरुवातीचे काही आठवडे आजमावण्याचे. सोबत एक वही दिली. तिच्यात गोडगोड काही नव्हतं. मागचा उजवा पाय शेवटी उचला. तंग एकदम ओढू नका. मागून दोर आला तर अजूनही शेपटी दाबते. सध्याचा घास आठवडाभराचा सोबत आहे, नवा हळूहळू मिसळा. पहिले काही दिवस बसू नका, फक्त फिरवा.

ती गेल्यावर काही दिवसांनी फोन आला. “ताई, पकडूच देत नाहीये हो. तुमच्याकडे तर स्वतःहून यायची.” मी म्हटलं, वहीत कान वळवण्याचं लिहिलंय ते बघा, आणि दोन पावलं मागे जायला विसरू नका. नव्या जागी बहुतेक घोडे असं सगळं एकदा पुन्हा विचारून बघतात. दोन दिवसांत जमलं.

मधे बरेच दिवस काही निरोप नव्हता. मग त्यांचा पुन्हा फोन: आता कँटर, म्हणजे दुडकीपुढची वेगाची चाल, सुरू करू का? मी तंगाचं विचारलं. तर म्हणाल्या, तंग ओढताना हल्ली मान वळवून बघते. फोटो मागवले. पाठ इतकी भरली होती की आम्ही बसवून दिलेलं खोगीर आता विदर्सपाशी चिमटत होतं. आधी खोगीर बसवणाऱ्या माणसाला बोलवा आणि पोटासाठी डॉक्टरांनाही एकदा दाखवा, तोवर फक्त हाताने फिरवा, असं सांगितलं. पोट ठीक निघालं, खोगीर रुंद घेतलं. मान वळवणं थांबल्याचा निरोप आलाय. कँटर अजून बाकी आहे.